पाठकोऱ्या कागदांवरचं परळ

सर गेल्यावर त्यांच्या मुलीने घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. आतल्या कागदांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना बोलावणं आलं. सर परळ-लालबागचा इतिहास जमवतात हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतका जमवला असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

कागद बहुतेक पाठकोरे. एका अंगाला आमच्या सहामाहीच्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिका, दुसऱ्या अंगाला सरांचं बारीक अक्षर. कोपऱ्यात 'ऐ.' किंवा 'ले.', म्हणजे ऐकीव की लेखी. दोन्हींचा मेळ बसला तरच लाल खूण. लाल खुणा फार थोड्या आहेत.

परळच्या बारादेवीच्या देवळातल्या शिळेचं पान लगेच ओळखलं. सरांनी आमचा अख्खा वर्ग तिथे चालत नेला होता. १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेली, अकरा फुटांहून उंच, सहाव्या शतकातली शिळा. शिवातून शिव प्रकटत जातो अशा सात आकृती, खाली वाद्यं वाजवणारे गण. घारापुरीला सहली काढणाऱ्यांना ही दाराशी असलेली शिळा माहीत नसते, यावर सर वर्गात चिडायचे. पानावर तो राग कुठेच नाही. मूळ शिळा देवळात, प्रतिकृती वस्तुसंग्रहालयात, एवढं लिहिलंय. आणि आसपासच्या म्हाताऱ्यांच्या कथांपुढे ठसठशीत 'ऐ.'.

खरा ऐवज गिरण्यांच्या गठ्ठ्यात आहे. १९८२ च्या संपात माझे वडील घरी बसले आणि बोलेनासेच झाले. सर संध्याकाळी आमच्या खोलीवर येत, चहा घेत आणि साचा, म्हणजे गिरणीतला माग, कसा चालतो ते विचारत. वडील हातवारे करून सांगत. आम्ही पोरांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

त्याच गठ्ठ्यात धोट्याविषयीची, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या अवजाराविषयीची, पानं आहेत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून 'विटाळा'च्या नावाखाली दलित कामगारांना साचाखात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. सरांना हेच जुन्या विणकरांनीही सांगितलं, काहींनी मान खाली घालून. इथे लाल खूण आहे. एका स्मरणिकेसाठी सरांकडे लेख मागितला होता, तेव्हा 'एवढा भाग गाळा' असा निरोप आला. सरांनी लेखच दिला नाही. माझ्या मते योग्य केलं. त्यानंतर त्यांनी छापण्याचा विषय काढला नाही, लिहिणं मात्र थांबवलं नाही.

हे कागद नीट स्कॅन करून शाळेच्या ग्रंथालयात, आहेत तसे, 'ऐ.'-'ले.'सकट ठेवायचं ठरतंय. कुणी त्यांचं गुळगुळीत पुस्तक करू नये, एवढंच माझं म्हणणं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचा गठ्ठा मात्र अर्धाच सापडला. सर त्या कामाला मुलींना वह्या देऊन धाडत. त्या वर्गांतल्या कुणाकडे अशी वही असेल तर शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी जरूर घेऊन या. झेरॉक्स काढून लगेच परत देऊ.