हरभरा संकर, एफ३: घाट्यांनी दिलेला दगा

मागच्या नोंदीत घाट्यांची संख्या आणि झाडाचे उत्पन्न यांच्या घट्ट सहसंबंधाचे कौतुक केले होते. एफ३च्या (संकराच्या तिसऱ्या पिढीच्या) ओळींनी ते उतरवले. एफ२मधल्या लगडलेल्या झाडांची संतती चारचौघांसारखीच निघाली. शंभर दाण्यांच्या वजनाने मात्र वळण राखले, टपोऱ्या झाडांच्या ओळी टपोऱ्याच.

घोळ पेरणीत होता. एफ२चे बी मोजके, म्हणून ३० × १० सेंमीवर एकेकच दाणा टोकला. पालक वाणांचे (संकरातले आई-बाप) बी भरपूर, तिथे दोन-दोन टोकून पंधरा दिवसांनी विरळणी केली. पालकांच्या ओळी सलग, एफ२मध्ये जागोजागी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा. नांगीशेजारचे झाड पसरते. फांद्या, घाटे, उत्पन्न सगळे एकदम वाढते. म्हणजे तो सहसंबंध मोकळ्या जागेचा होता.

हिशेबात तर आणखी गंमत. एका वाणाची झाडे जनुकांनी सारखीच, म्हणून पालकांच्या ओळींतले विचरण (झाडाझाडांतला फरक) पर्यावरणाचे धरून एफ२मधून वजा केले आणि उरलेले जनुकीय मानले. सलग ओळींत ते कमीच येणार. नांग्यांचा सगळा गोंधळ जनुकांच्या खात्यावर जमा झाला आणि घाट्यांची आनुवंशिकता (फरकातला जनुकांचा वाटा) फुगली. दाण्याचे वजन जागेने फारसे हलत नाही, म्हणून ते वाचले.

पाथ विश्लेषणावरही (प्रत्येक गुणाचा उत्पन्नावरचा प्रत्यक्ष परिणाम काढायची पद्धत) फार विसंबू नका. ४० घाटे × १.२ दाणे × ०.२५ ग्रॅम = १२ ग्रॅम. उत्पन्न हा गुणाकारच आहे, मग घाट्यांचा प्रत्यक्ष परिणाम मोठा आला यात शोध कसला? हार्वेस्ट इंडेक्सच्या (दाण्यांचे वजन भागिले झाडाचे एकूण वजन) अंशस्थानी तर उत्पन्नच बसलेले असते.

आता वहीत नांगीचा रकाना: ०, १, २, म्हणजे ओळीत शेजारच्या किती जागा रिकाम्या. निवडीत फक्त ० वाली झाडे, ओळीच्या टोकाची बाद. पालकांनाही एकेकच दाणा, आणि त्यांच्या ओळी एफ२मध्ये विखुरलेल्या.

घाट्यांवरून २० झाडे निवडायचा बेत रद्द. टपोरेपणावर निवड आत्ताच, उत्पन्नावर एफ५नंतर. तोवर प्रत्येक झाडाचा एक घाटा पुढे. दोन दाण्यांचा शोधून घेतला तर एक पेरायला, एक राखीव... पण नको, तीही छुपी निवडच. घाट्यात दाणे वाढले की दाणा सहसा बारीक होतो. त्यापेक्षा न निवडता दोन घाटे तोडावेत.

नव्या संकराचे पहिले फूल गुलाबी आले! मादी पांढऱ्या फुलाची काबुली, नर गुलाबी देशी. गुलाबी प्रबळ, म्हणून पांढरे दिसेल ते स्वपरागित, उपटून टाकायचे. फूल उमलण्याआधीच परागकोष फुटतात, तेव्हा कळी मिटलेली असतानाच दहाही पुंकेसर काढावेत. चिमटा बारीक, वाकड्या टोकाचाच हवा. जाड टोकाने कुक्षीवृंत मोडतो. खुणेचा दोरा देठाला सैल बांधा, आवळला की कळी गळते. आणि दिवसाचे सरासरी तापमान १५ अंशांखाली असेल तर चिमटा हातात घेऊ नका, फुले येतात पण बहुतेक वाणांत घाटा धरत नाही.