ठोकलेलं नाणं

नाणी जमवणाऱ्यांमध्ये माझी गणती जरा येड्यातच होते. बाकीचे लोक चकचकीत, टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं नाणं शोधत असतात आणि मी शोधतो चार ठिकाणी टोचलेलं, पाच ठिकाणी ठोकलेलं. डीलरच्या ट्रेमध्ये असली नाणी शेवटच्या रांगेत असतात, आणि तोच म्हणतो, "डॅमेज आहे साहेब, नका घेऊ."

पण हे डॅमेज कुणीतरी पूर्ण शुद्धीत केलंय हो. पेशवाईत अंकुशी, चांदोरी, सुरती असे कितीतरी रुपये फिरायचे, वजन थोडं इकडेतिकडे, चांदीचा कस वेगळा, त्यात खोट्यांची भर, मग सराफाच्या पेढीवर गेल्याशिवाय मोठा व्यवहार पुढे सरकायचाच नाही. तो रुपया वाजवून बघणार, तोलणार, शंका आली तर छिन्नीने टोचून आत तांबं लपलंय का तपासणार आणि समाधान झालं की बारीकशी खूण उमटवणार, कधी ठिपका, कधी फूल, कधी चांदणी. आणि वर बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापणार! (नावाला बट्टा लागतो म्हणतो ना आपण, तो हाच.) बंगालमध्ये तर चांदी तीच असली तरी रुपया नुसता शिळा झाला म्हणून बट्टा, चालू सालाचा पूर्ण किमतीला आणि मागच्या सालाचा कमी. शेवटी कंपनी सरकारने शाह आलम बादशहाचं १९ वं राज्यवर्षच पुढे कित्येक वर्षं नाण्यांवर छापत ठेवलं, म्हणजे रुपया म्हातारा व्हायलाच नको. १८३५ मध्ये कंपनीच्या सगळ्या इलाख्यांना एकच, १८० ग्रेनचा म्हणजे बरोब्बर तोळ्याचा रुपया आला आणि सराफांचं हे दुकान हळूहळू आवरत गेलं.

आपल्याकडे आवरलं, पण चीनमध्ये जोरात चालू होतं. तिथे स्पेनचे, मग मेक्सिकोचे चांदीचे डॉलर जायचे आणि प्रत्येक व्यापारी, प्रत्येक पेढी त्यावर आपला पंच मारायची, त्याला चॉपमार्क म्हणतात. काही नाणी एवढ्या हातांतून गेली की ठोकून ठोकून वाटीसारखी खोलगट झाली, तुकडे पडले, मग ते तुकडेही तोलून चालवले. आणि मला या भानगडीत ओढणारी गोष्ट अशी की १८९५ पासून ब्रिटिशांनी या पूर्वेकडच्या व्यापारासाठी जो डॉलर काढला, तो बराचसा आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडलाय! एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, मागे जहाज, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलाय अक्षरं. फोर्टात जन्म आणि सगळं आयुष्य हाँगकाँग-सिंगापूरकडे, आपल्या बाजारात याचा काही उपयोगच नाही.

पहिला घेतला तो फुटपाथवरून, आणि तिथेच आपटलो. घरी येऊन किचनच्या काट्यावर ठेवला तर २१ ग्रॅम, हवा जवळजवळ २७. बायको म्हणाली, "पोहे मोजायचा काटा आहे तो, त्याला काय कळतंय." मग फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं, टचकन चिकटलं. चांदीला कुठलं मॅग्नेट चिकटायला! गंमत म्हणजे त्यावर चॉपमार्कही होते, पण नाण्याबरोबरच साच्यात ओतलेले, कडा मऊ मऊ, साबणावरच्या अक्षरांसारख्या. खऱ्या चॉपमध्ये धातू आजूबाजूला सरकलेला दिसतो आणि कित्येकदा त्याच जागी मागच्या बाजूला नक्षी चपटी झालेली असते, कारण कुणीतरी खरोखर हातोडी हाणलेली असते. म्हणजे खोट्या नाण्यावर खरेपणाची खोटी खूण. आमच्या आजीच्या भाषेत "बंदा रुपया" म्हणजे एकदम पक्का माणूस, या नाण्यासारख्या माणसाला ती काय म्हणाली असती कोण जाणे.

आता मी खिशात भिंग आणि छोटा काटा घेऊनच फिरतो. गेल्या महिन्यात एका डीलरकडे १९०२ चा मिळाला, २६.८ ग्रॅम, चार चॉप, त्यातला एक थेट ब्रिटानियाच्या ढालीवर. मला चिनी ओ की ठो येत नाही, त्यामुळे ते दुकानाचं नाव आहे की नुसतीच खूण हे कळत नाही. भिंगातून त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बघितलं तर बारीक 'बी' होता, बॉम्बेचा. माझ्या तोंडावर काही दिसलं नसावं, कारण डीलर म्हणाला, "ठोकलेलं आहे साहेब, पण थोडं कमी करतो." मी म्हटलं, करा.