भिंत उभी करताना

इकडे अमेरिकेत भिंत आधी आडवी करतात आणि मग उभी करतात. वीट, ओळंबा, पाणसळ असं करत हळूहळू वर चढणारी भिंतच मला माहीत. त्यामुळे जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाजवळच्या त्या साइटवर जमिनीवर पसरलेल्या लाकडी पट्ट्यांकडे बोट दाखवून "ही स्वयंपाकघराची भिंत" असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा मी थट्टा समजून हसले. वर-खाली एकेक लांब पट्टी आणि मध्ये सोळा-सोळा इंचांवर ठोकलेल्या आखूड पट्ट्या. या पट्टीला 'दोन बाय चार' म्हणतात, भरते मात्र दीड बाय साडेतीन इंच. (वखारवाले जगभर सारखेच.) ठोकून झालं की सगळ्यांनी एका बाजूला रांगेत उभं राहायचं, वाकून हात घालायचा आणि मुकादमाने 'तीन' म्हटलं की उचलायचं. भिंत वर येते, डुगडुगते, कोणीतरी पळत जाऊन तिरका टेकू ठोकतं. झाली भिंत!

मला तिथे नेलं शेजारणीने. तिच्या मेथडिस्ट चर्चचा गट 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या घरांना हातभार लावतो. "शनिवारी मोकळी आहेस का?" एवढंच तिने विचारलं. धर्म विचारला नाही, हातोडी धरता येते का तेही नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे गोल करून उभे राहतात आणि प्रार्थना होते. मी आपली हात जोडून उभी राहते. प्रार्थना छोटी असते, कारण उन्हं चढायच्या आत छपराचं काम उरकायचं असतं. जॉर्जियाचा जुलै देवालाही ठाऊक असणार.

ही संस्था मूळची जॉर्जियाचीच. १९४२ साली क्लॅरन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने आणि त्याच्या सोबत्यांनी अमेरिकस गावाजवळ 'कोइनोनिया' नावाची शेतवाडी वसवली. गोरे आणि काळे एकत्र राबणार, एका पंगतीला बसणार. त्या काळात, त्या मुलखात हे करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. १९५०च्या दशकात गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, गोळ्या झाडल्या, रस्त्याकडेचं त्यांचं दुकान स्फोटाने उडवलं. तरी ते हलले नाहीत. पुढे मिलर्ड फुलर हा गर्भश्रीमंत नव्हे, पण स्वतःच्या हिमतीवर श्रीमंत झालेला वकील सगळी संपत्ती वाटून टाकून बायको लिंडासह त्यांच्यात आला. घरांची कल्पना तिथे रुजली आणि १९७६ मध्ये संस्था उभी राहिली. घर फुकट द्यायचं नाही, पण त्यावर नफाही घ्यायचा नाही आणि व्याजही नाही, हे मूळ सूत्र. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नको, असं बायबलात लिहिलेलंच आहे. ते मनावर घेणारा सावकार मात्र माझ्या ऐकण्यात पहिलाच. आता ठिकठिकाणच्या अटी वेगळ्या असतात, पण हप्ता झेपेल एवढाच ठेवतात.

दुसरी अट मला जास्त आवडते. घर घेणाऱ्याने स्वतः काही शे तास राबायचं. आपल्या घरावर आणि दुसऱ्यांच्याही. या घराची मालकीण एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करते, पदरी दोन मुलगे. पाळी संपवून थेट साइटवर येते आणि कमरेला खिळ्यांची पिशवी बांधते. आम्ही हौशी मंडळी हातोडी मानेशी धरून टुकटुक करतो. खिळा अर्ध्यावर जातो आणि तिथेच कंबर मोडून बसतो. ती दांडा पार टोकाला धरते, चार घावांत खिळ्याचं डोकं लाकडाला टेकतं. मग हातोडीच्या मागच्या चिमट्याने आमचे वाकडे खिळे एकेक उपसत जाते. बोलत काही नाही. तिच्या न्हाणीघराच्या भिंतीत वाकडा खिळा तिला चालत नाही, एवढंच.

आमच्या ओळखीतले एक हिशेबी गृहस्थ म्हणतात, तुम्ही सगळे घरी बसून चेक पाठवा, कंत्राटदार हेच घर निम्म्या वेळात बांधेल. खोटं नाही. पण चेक पाठवला असता तर ती माझ्या लेखी 'लाभार्थी' राहिली असती. इथे ती माझे खिळे उपसते. माझ्या आजोळी इर्जिक घालायचे. गावकरी आपापल्या बैलजोड्या घेऊन यायचे, अडलेल्याचं रान नांगरून द्यायचे आणि मोबदला म्हणून पोटभर जेवायचे. त्यात एक न बोललेला हिशेब असे: उद्या तुझे बैल माझ्या रानात. इथे तोही नाही. चर्चमधल्या कोणाचं घर बांधायला ती येणार नाही, तिचे तास पुढच्या कुठल्यातरी अनोळखी कुटुंबाच्या खात्यात जातात. जेवण मात्र इर्जिकीसारखंच. चर्चमधल्या आज्या तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड, पीच कॉबलर घेऊन येतात. मी नेलेले बटाटेवडे छपरावरच्या मंडळींनी खाली उतरायच्या आधीच वर मागवून घेतले.

आतून ड्रायवॉल, म्हणजे भिंत झाकणारे जिप्समचे तक्ते, लावण्याआधी उघड्या पट्ट्यांवर सगळे मार्करने काहीबाही लिहितात. कोणी बायबलमधलं वचन, कोणी नुसतं नाव. मी 'सुखी राहा' लिहिलं. मालकिणीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि धाकट्याच्या खोलीतही लिही म्हणाली.

आई विक्रोळीला असते. तिला फोनवर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं सांगितलं. ते अमेरिकसजवळच्या प्लेन्स गावचे. १९८४ पासून पत्नी रोझलिनसह कित्येक वर्षं अशी घरं बांधत राहिले. २०१९ मध्ये, ९५ वर्षांचे असताना, पडून कपाळाला टाके पडले, तरी दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन नॅशव्हिलच्या साइटवर हजर. २००६ मध्ये तर आपल्या लोणावळ्याजवळ, मळवलीला आले होते. तिथे १०० घरांचं काम होतं. यावर आई नुसती "हं" म्हणाली. पण त्यांच्या आई, लिलियनबाई, वयाच्या ६८व्या वर्षी पीस कॉर्प्समधून, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संस्थेतून, नर्स म्हणून आल्या त्या थेट विक्रोळीला, हे कळल्यावर ती उठून बसली. कधी, कुठल्या बाजूला, कोणत्या दवाखान्यात, सगळी उलटतपासणी झाली. मग एकदम म्हणाली, "बरं, ते घर कोणाच्या नावावर?"

"तिच्याच."

"एकटीच्या?"

"एकटीच्या."

"मग वडे जास्त न्यायचेस की!"