बोकड्या नव्हे, पिवळा कोळी

शेजारच्या काकूंचा निरोप एवढाच होता: ‘मिरचीला बोकड्या लागलाय, औषध सांगा.’ मिरचीची पानं चुरडली की सरसकट बोकड्या म्हणतात, पण त्यामागे बहुतेक वेळा तिघांपैकी एक जण असतो: फुलकिडे, कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी सूक्ष्म कीड) किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. एकावर चालतं ते दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून झाड बघितल्याशिवाय औषध सांगायचं मी टाळतो.

गच्चीवर डझनभर कुंड्या होत्या. शेंड्याची पानं अरुंद, जाडसर, गडद हिरवी. देठ लांबलेले आणि कडा खाली वळलेल्या. इथेच अर्धं निदान होतं. फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळतात, मागच्या बाजूला चंदेरी ओरखडे आणि विष्ठेचे काळे ठिपके दिसतात. इथे पानाची मागची बाजू तपकिरी, तेलकट चमकणारी होती. तरी पांढरा कागद धरून शेंडे झटकलेच. फुलकिडे असते तर मिलिमीटरभर लांबीचे, पिवळसर, सडपातळ जीव कागदावर धावताना दिसले असते. दिसला एकच.

मग वीसपट भिंग काढलं. दहापटीचं लाल कोळ्याला पुरतं, पिवळ्या कोळ्याला नाही. तो जेमतेम 0.2 मिलिमीटर असतो. पूर्ण उघडलेलं पान बघण्यात अर्थ नसतो, तोवर तो पुढच्या कोवळ्या पानावर गेलेला असतो. अर्धवट उमललेलं पान उलटं केलं तर शिरेच्या कडेला फिकट, अर्धपारदर्शक ठिपके सरकत होते. अंडी पानाला चपटी चिकटलेली, आणि त्यांच्यावर पांढऱ्या टिंबांच्या ओळी. ही टिंबं दिसली की शंका उरत नाही.

काकूंनी भिंगातून पाहिलं. “अहो, हा दुसऱ्याला पाठीवर घेऊन चाललाय!”

बरोबर होतं. नर कोळी वाढ पूर्ण होत आलेल्या मादीला उचलून नव्या पानावर नेऊन ठेवतो. कीड शेंड्याशेंड्याला पसरते ती अशीही.

आधी काय काय फवारलं, हे विचारलं. फुलकिड्यांसाठीचं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक. ते कोळ्याला मारत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक कमी होऊन कोळी वाढू शकतो. त्यानंतर चार दिवसांपूर्वी निंबोळी तेल, तेही वरून. कोळी पानाखाली, म्हणजे फवारा वाया. आणि खरी अडचण या तेलाचीच झाली. पिवळ्या कोळ्यावर घरच्या बागेत मी पहिल्यांदा गंधक निवडतो, पण तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे गंधक मारायचं नाही, पानं करपतात.

तोवर छाटणी. चुरडलेले शेंडे खालच्या निरोगी पानापर्यंत कापून जागेवरच पिशवीत बंद केले. कापलेलं इतर झाडांवरून ओढत न्यायचं नाही. कात्री दर झाडानंतर पुसली. वनस्पतींसाठीचा मऊ द्रव साबण लिटरला 10 मिली, पानाच्या मागून, संध्याकाळी. आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट बघून. साबण ज्याला लागतो तेवढाच जीव मरतो, आणि जड पाण्यात त्याची साय होऊन तो निकामी ठरतो. भांड्यांची पावडर चालत नाही.

मुदत संपल्यावर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. वजनकाट्यावर मोजून, चमचाभर भुकटी दर वेळी वेगळी भरते. ते तळाशी बसतं, म्हणून फवारताना पंप हलवत राहायचं. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर थांबायचं. तोंडाला मास्क, तयार मिरच्या आधी काढून घ्यायच्या, पुढच्या तोडणीसाठी लेबलवरची मुदत पाळायची. शेजारी काकडीचा वेल होता, त्या कुंड्या बाजूला केल्या. काकडीवर्गीय वेलींना गंधक सोसत नाही. गंधकाने अंडी फारशी मरत नाहीत आणि उष्ण हवेत आठवड्याच्या आत नवी पिढी तयार होते, त्यामुळे पाच-सहा दिवसांनी दुसरा आणि गरज वाटल्यास तिसरा फवारा.

चुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, त्याकडे बघून निराश व्हायचं कारण नाही. कोळी मेल्यावरही त्याच्या लाळेच्या परिणामाने काही नवी पानं वाकडी येतात, म्हणून घाईने औषध बदलू नये. भिंगाखाली हलणारं काही आहे का, तेवढं बघायचं. या काळात युरियाही नको. लुसलुशीत शेंडे म्हणजे कोळ्याला आयतं खाद्य.

दोन झाडं मात्र वेगळी होती: खुजी, बारीक पिवळट पानांची, पेरं आखूड, आणि हात लागताच पांढऱ्या माश्या उडाल्या. हा विषाणू, त्याला औषध नाही. शिवाय पिवळा कोळी या माशीच्या पायांना धरून दुसऱ्या झाडावर पोचतो. पहाटे माश्या सुस्त असताना झाडावर हळूच पिशवी ओढून, तोंड बांधून ते बुडातून कापायला सांगितलं, आणि हे बाकीच्या कुंड्यांवर पहिला गंधकाचा फवारा पडण्याआधी.