बुधवारी दोन ते तीन

बुधवारी दुपारी दोन वाजले की आम्ही सहा-सात जण वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत जाऊन बसतो. गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि मधल्या स्टुलावर टिश्यूचा डबा, एवढंच सामान. किल्ल्या आणि अलार्म कमरेलाच असतात, पण तेवढा तास वॉर्ड सांभाळायला शेजारच्या वॉर्डातून दोघं आलेले असतात. एक सायकॉलॉजिस्ट येते, तिचा आमच्या वॉर्डाशी एरवी काही संबंध नाही. ती सगळ्यांकडे बघते आणि विचारते, "या आठवड्यात ड्युटी संपल्यावरही कोण डोक्यात राहिलं?"

याला इथे रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस म्हणतात. मी मूळची साताऱ्याची. पुण्यात सात वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर होते, मग इंग्लंडला आले. पहिले कित्येक महिने त्या खोलीत मी तोंड उघडलं नाही. वरिष्ठांसमोर बसून 'मला अमक्या पेशंटचा राग येतो' म्हणायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, असंच मला वाटायचं. आपल्याकडे सिस्टरने राग गिळायचा असतो. फार झालं तर चहाच्या वेळी पेशंटला नावं ठेवायची आणि पुन्हा कामाला लागायचं.

मग एक बाई आमच्याकडे दाखल झाली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहिते. तिशीतली, हुशार, बोलायला गोड. निदान बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे भावना आवरत नाहीत आणि आपल्याला सोडून जातील ही भीती मनात असते असा आजार. लहानपणी घरात जे सोसलं ते सांगताना तिचा आवाज सपाट व्हायचा, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगतेय. ती स्वतःला इजा करून घ्यायची. एका रात्री मला म्हणाली, "तू जसं ऐकतेस तसं इथे कोणीच ऐकत नाही." मी हुरळले. ड्युटी संपल्यावरही तिच्यापाशी अर्धा-पाऊण तास थांबायला लागले. घानाची माझी एक सहकारी मात्र तिच्याशी नियमाला धरून वागायची. ठरलेल्या वेळी बोलणार, वेळ संपली की उठणार. मला ती दगडाच्या काळजाची वाटायची आणि तिला मी भाबडी. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देताना, आमचे खटके उडायला लागले. बघता बघता वॉर्डात दोन तट पडले.

आणि एका मंगळवारी मी त्या बाईला सांगितलं की पुढचा आठवडा मी रजेवर आहे. तासाभरात तिने स्वतःला जखम करून घेतली. ड्रेसिंग करताना माझे हात व्यवस्थित चालत होते, पण डोक्यात तिडीक गेली होती आणि एकच शब्द घुमत होता, तोही मराठीत. नाटकं!

दुसऱ्या दिवशी बुधवार. पहिल्यांदा मी बोलले. तो शब्दसुद्धा सांगितला आणि इंग्रजीत समजावला. इथल्या नर्सेसही अगदी तसंच म्हणतात, लक्ष वेधून घेण्यासाठी चाललंय म्हणून. खोलीत कोणी मला बोल लावला नाही. घानाची सहकारी म्हणाली, "मागच्या वर्षी अशाच एका पेशंटने मला आई म्हणायला सुरुवात केली होती. ती गेली तेव्हा मी तीन महिने नीट झोपले नाही. म्हणून आता घड्याळ बघते." आठ महिने मी तिच्या शेजारी काम करत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

मग सायकॉलॉजिस्टने टॉम मेन या डॉक्टरांबद्दल सांगितलं. लंडनजवळच्या कॅसल हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिथल्या नर्सेसबरोबर बसून झोपेच्या आणि शांत करणाऱ्या औषधांचा अभ्यास केला होता, 1957 मध्ये तो छापून आला. औषध नेमकं कधी दिलं जातं, हे पाहताना त्यांच्या लक्षात आलं की पेशंटची अवस्था अमुक इतकी बिघडली म्हणून नव्हे, तर नर्सचे हात टेकले की गोळी दिली जायची. सहन होत नसायचं नर्सला आणि गोळी घ्यायचा पेशंट. त्याच लेखात अशा पेशंटभोवती कर्मचाऱ्यांमध्ये कसे तट पडतात, एकीला वाटतं हिला मीच वाचवणार आणि बाकीच्यांना ती अतिरेक करणारी वाटते, हेही लिहिलेलं आहे. ऐकताना माझ्या पोटात कालवलं. साठ वर्षांहून जुन्या कागदावर आमचा वॉर्ड होता.

त्याच दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट आणि त्यांची पत्नी एनिड यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट बसवायला सुरुवात केली होती. नियमित भेटायचं, एकाने एका पेशंटबद्दल कागद न बघता बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं की या पेशंटने या डॉक्टरच्या मनात काय हलवलंय. आमचा बुधवार त्याच वेलीवरचा.

तरीही पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या लोकांना इथल्या मानसिक आरोग्य सेवेने बराच काळ दाराबाहेरच ठेवलं होतं. यांच्यावर उपचार होत नाहीत, हे आमचं काम नाही, असं म्हणून परत पाठवायचे. 2003 मध्ये इथल्या सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेने कागदोपत्री स्पष्ट केलं की हे निदान आहे म्हणून कोणालाही सेवा नाकारायची नाही. पण कागदाने नर्सचं मन बदलत नाही. म्हणून पुढे आरोग्य आणि न्याय या दोन्ही खात्यांनी मिळून खास प्रशिक्षण काढलं. ते वॉर्डातल्या नर्सपासून तुरुंगातल्या कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी होतं.

त्याच धर्तीवरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी केलं. शिकवायला दोघं होती, एक थेरपिस्ट आणि दुसरी एकेकाळी स्वतः पेशंट असलेली बाई. ती पाहुणी म्हणून आपली कहाणी सांगायला आली नव्हती. ती पगारी शिक्षिका होती आणि बरोबरीने वर्ग घेत होती. तिने फळ्यावर आमच्याकडूनच शब्द लिहून घेतले, अशा पेशंटबद्दल स्टाफ खोलीत जे बोलले जातात ते. फळा भरला. मग ती म्हणाली, "यातले बहुतेक शब्द मी दाराबाहेरून ऐकलेले आहेत. मी झोपलेय असं त्यांना वाटायचं." वर्गात कोणी हललं नाही. पुण्यातल्या आमच्या चहाच्या खोलीचं दार नेहमी उघडंच असायचं, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं.

त्याशिवाय महिन्यातून एकदा सुपरव्हिजन असतं, म्हणजे अनुभवी नर्सबरोबर एकटीने तासभर बसणं. पेशंटला धरून ठेवायची वेळ आली तर नंतर सगळ्यांशी बोलणं होतं, पेशंटशीही. यामागे मोठी किंमत आहे. 2010 मध्ये लंडनमध्ये ओलासेनी लुइस नावाचा 23 वर्षांचा मुलगा मनोरुग्णालयात पोलिसांनी धरून ठेवल्यानंतर गेला. त्याच्या आईवडिलांनी लढा सोडला नाही आणि 2018 मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. बळाचा वापर कमी कसा करायचा, हे कर्मचाऱ्यांना शिकवणं आता बंधनकारक आहे.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. माणसं कमी पडली की पहिली काट या बुधवारच्या तासालाच लागते. तीन आठवडे तास झाला नाही की मला वॉर्डात ते जाणवतं. दारं जोरात आपटतात, आजारपणाच्या रजा वाढतात, 'नाटकं'चे इंग्रजी भाऊबंद परत ऐकू यायला लागतात. मला याचा संताप येतो. औषधाचं कपाट रिकामं ठेवायला कोणी तयार होणार नाही, मग हा तास का चालतो रिकामा?

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला, त्याने पेशंटला उपचाराचा हक्क दिला. 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर कोणीही फोन करू शकतं. या दोन्हींचा मला अभिमान आहे. पण रात्री दोन वाजता तो फोन घेणाऱ्या मुलीचं सकाळी कोण ऐकतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मार्चपासून पुण्यातल्या माझ्या पाच जुन्या मैत्रिणी आणि मी रविवारी फोनवर भेटतो. त्यांचे रात्रीचे नऊ, माझे दुपारचे साडेचार. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, एकीने बोलायचं. सुरुवातीला सगळ्या "बरं चाललंय गं" यापलीकडे जाईनात. गेल्या रविवारी आमच्यातली सगळ्यात जुनी, वीस वर्षं नोकरी झालेली, एका मुलाबद्दल बोलायला लागली. बोलता बोलता थांबली. पदराने चष्मा पुसला. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने हात लांब करून गॅस बंद केला आणि म्हणाली, "थांबा गं, अजून संपलं नाही माझं."