आमची वाटचाल : शहाबादी फरशीपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत

आमच्या दुकानात ओट्यासाठी दगड बघायला कुणी आलं की नमुने काढण्याआधी आम्ही एक गोष्ट विचारतो : तुमच्याकडं भाकरी कशावर थापतात? काठवटीत, परातीत, की थेट ओट्यावर? नवीन जोडपी एकमेकांकडं बघून हसतात. वयस्कर बायका मात्र लगेच उत्तर देतात, आणि तिथून पुढं बोलणं रंगापाशी अडत नाही. ओटा कसा वापरला जाणार हे कळल्याशिवाय दगड सुचवायचा नाही, हा या धंद्यातला आमचा पहिला नियम. तो घालून दिला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी.

अप्पा फरशीवाले मिस्त्री. सोलापूरहून वाडीकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गुलबर्गा ओलांडलं की शहाबाद लागतं. तिथली फरशी सोलापूरच्या घराघरांत पोचली, कारण ती जवळची आणि स्वस्त. हा चुनखडीचा दगड थराथरांचा असतो, छिन्नी लावली की सपाट पाट निघतात. अप्पांनी आयुष्यभर हीच फरशी जमिनीला, जिन्याला, न्हाणीला आणि ओट्याला बसवली. तेव्हाचा ओटा म्हणजे विटांच्या दोन-तीन भिंती, त्यावर शहाबादी आणि कडेला सिमेंटची गोलाई. पुढं आंध्रातून काळा कडप्पा यायला लागला. पॉलिश केला की तो छान दिसायचा, त्यामुळं लोकांना वाटलं, आता ओट्याचा प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. कडप्पाही चुनखडीचाच. लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, टोमॅटो यातलं काहीही त्यावर थोडा वेळ राहिलं की तिथली चकाकी जाते आणि करडा ठसा उमटतो. बायका घासून घासून दमतात, पण तो डाग नसतोच. आम्लानं दगडाचा वरचा पापुद्राच खाल्लेला असतो. पुन्हा पॉलिश केल्याशिवाय तो जात नाही. संगमरवराचंही तेच, फक्त पांढऱ्या रंगावर ठसा कमी दिसतो आणि हळद जास्त. म्हणून ओट्याला मार्बल मागणाऱ्याला आम्ही आजही देवघराकडं वळवतो. तिथं तो शोभतो आणि टिकतोही.

मी आणि धाकटा भाऊ धंद्यात आलो तेव्हा ग्रॅनाइट सोलापुरात चांगलाच रुळला होता. माल कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून येतो, थोडा राजस्थानातूनही. इलकलचा लालसर दगड आपल्याकडं लोकांना नावानं माहीत असतो, इलकल साडीमुळं. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. ग्रॅनाइट लिंबाला दाद देत नाही, तापलेल्या तव्याला घाबरत नाही, सुरीनं चरत नाही. म्हणून आमच्या कामातला मोठा वाटा आजही त्याचाच आहे आणि मला त्यात काही मागासलेपण वाटत नाही.

पण ग्रॅनाइट म्हणून विकलं जाणारं सगळं सारखं नसतं. काळ्याभोर दगडाला भाव जास्त मिळतो, म्हणून करड्या दगडाला रंग किंवा तेल चोळून काळा करून पाठवणारे आहेत. दोन-तीन वर्षांत गॅसच्या शेगडीभोवतीचा रंग उडतो आणि ओटा ठिगळ लावल्यासारखा दिसतो. आम्ही माल उतरवून घेतानाच पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पाट पुसतो. फडकं काळं झालं तर गाडी परत. गिऱ्हाइकाला दुसरीही खूण सांगतो : कोपऱ्यावर पाण्याचे थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबा. पुसल्यावर तिथं ओला गडद ठिपका राहिला, तर तो दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. शेंगा चटणीच्या गावात हे बघायलाच हवं. दाण्याचं तेल फिक्या रंगाच्या दगडात मुरलं की निघत नाही. तुम्हाला फिका ग्रॅनाइटच आवडला असेल तर जरूर घ्या, पण सीलर (दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रावण) मारून घ्या आणि ठरावीक काळानं पुन्हा मारत राहा.

चटणीवरून उखळ-खलबत्त्याचं सांगायला हवं. ओट्याचा दगड साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाड असतो. तो उभ्या कडप्प्यांवर आणि खाली घातलेल्या आडव्या कडप्प्यावर बसतो. दोन उभ्यांच्या मधोमध खलबत्ता ठेवून शेंगदाणे कुटले तर दणका थेट दगडाला लागतो. खाली सिमेंट-वाळूचा मसाला नीट भरलेला नसेल तर एक दिवस केसासारखी रेघ दिसते. आम्ही ओटा बसवल्यावर लाकडाच्या ठोकळ्यानं सगळीकडं वाजवून बघतो. पोकळ आवाज आला तर तो भाग उचलून पुन्हा बसवतो. आणि घरच्यांना दाखवून देतो, उभा दगड नेमका कुठं आहे. कुटायचं तर त्याच्यावर, नाहीतर सरळ जमिनीवर.

भाकरीचा विचार उंचीसाठी. तयार किचनच्या चित्रांमध्ये ओटा ३४ इंच किंवा त्याहून उंच असतो. भाजी चिरायला तो बरा. भाकरी थापताना मात्र खांद्यातून खाली जोर यावा लागतो, आणि बुटक्या बाईला ३४ इंचांवर काठवट ठेवून थापायला लावलं की तिचे खांदे भरून येतात. आम्ही घरी माप घ्यायला जातो तेव्हा जी रोज भाकरी करते तिला उभं करून कोपरापासून माप घेतो. घरमालक काय म्हणतात ते नंतर. सोलापुरात कडक भाकरी विकण्यासाठी करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्या ओट्याचा एक भाग आम्ही दोन इंच खाली घेतो. असा टप्पा दिसायला थोडा वेगळा दिसतो, पण त्या बायका पुढं स्वतःहून चार गिऱ्हाइकं पाठवतात.

पाण्याचा त्रास वेगळाच. इथं बोअरचं पाणी जड, नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं ओट्यावर भरलेली भांडी कायम. काळ्या चकचकीत दगडावर या पाण्याचे पांढरे थर बसतात. गिऱ्हाईक म्हणतं, दगड खराब निघाला. दगड ठीक असतो, वर क्षार साठलेले असतात. रात्री काम आवरल्यावर कोरड्या फडक्यानं पुसलं तर ते साठतच नाहीत. साठलेच तर ग्रॅनाइटवर थोडं व्हिनेगर चालतं, कडप्प्यावर आणि मार्बलवर अजिबात नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड तर कशावरच ओतू नका, सांधे उघडतात. रोज पुसणं जमणार नसेल तर आम्ही लेदर फिनिश (चकाकी नसलेला, हाताला किंचित खरबरीत लागणारा दगड) किंवा दाण्यादाण्याचा करडा-तपकिरी रंग सुचवतो. त्यावर पाण्याचे डाग डोळ्यांत भरत नाहीत.

मग क्वार्ट्झ आला. इटलीतल्या ब्रेटन कंपनीनं काढलेल्या पद्धतीवर हे पाट तयार होतात : दगडाचा चुरा नव्वद टक्क्यांहून जास्त, बाकी रेझिन (चुरा चिकटवून ठेवणारी कृत्रिम राळ) आणि रंग, निर्वातात दाबून आणि हलवून घट्ट केलेले. पांढराशुभ्र, एकसारखा, पाणी न पिणारा. जुळे सोलापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये त्याची मागणी खूप. दिसायला तो सुंदर आहे, यात शंकाच नाही. पण त्यातलं रेझिन साधारण १५० अंशांपुढं टिकत नाही, आणि भाकरीचा तवा त्याहून कितीतरी जास्त तापतो. एकदा तवा टेकला की पिवळा गोल कायमचा. उन्हानंही रेझिन पिवळं पडतं, म्हणून गच्चीतल्या किंवा बाल्कनीतल्या भांडी घासायच्या ओट्याला आम्ही क्वार्ट्झ देत नाही. कोरियन (Corian) या ब्रँडसारखे अ‍ॅक्रिलिकचे पाटही उष्णतेला असेच नाजूक. त्यांचे चरे घासून काढता येतात, हा त्यांचा गुण.

एका घरी सासूबाईंना काळा ग्रॅनाइट हवा होता आणि सूनबाईंना पांढरा क्वार्ट्झ. दोघी दुकानात आल्या, दोघींनी आपापली बाजू मांडली. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, पांढऱ्यावर हळद सांडली की मला झोप यायची नाही." सूनबाई म्हणाल्या, "दादा, आमचं स्वयंपाकघर उत्तरेला आहे, दिवसासुद्धा अंधार असतो. काळा दगड घातला तर दिवा लावूनच चहा करावा लागेल." दोघींचंही बरोबर होतं. आम्ही गॅस आणि सिंकच्या बाजूला काळा ग्रॅनाइट बसवला, आणि समोरच्या भिंतीकडं, जिथं डबे, मिक्सर आणि कणीक मळायची जागा होती, तिथं पांढरा क्वार्ट्झ. खिडकीतून येणारा उजेड त्यावर पडून खोली उजळली. तेव्हापासून आम्ही नमुने दाखवताना दोन दगड एकत्रही मांडून दाखवतो, आणि लहान तुकडे घरी न्यायला देतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आवडलेला रंग घरच्या उजेडात वेगळा दिसतो. त्याच तुकड्यावर लिंबू, हळद आणि गरम झारा ठेवून बघायला सांगतो.

क्वार्ट्झबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कापणाऱ्यांची. त्यात सिलिकाचं प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा खूपच जास्त असतं, आणि कोरडा कापला की जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदीच घातली, ती याच कारणासाठी. अप्पांच्या पिढीतले मिस्त्री तोंडाला उपरणं बांधून कटर चालवायचे आणि ते पुरेसं आहे असं सगळेच समजायचे. ते पुरेसं नाही. आमच्या शेडमध्ये आता कुठलाही दगड पाणी सोडल्याशिवाय कापला जात नाही, मुलांना साध्या फडक्याऐवजी धुळीचे मास्क दिले आहेत, आणि सिंक-शेगडीचे कटआऊट गिऱ्हाइकाच्या घरी कोरडे कापणं बंद केलं आहे. माप पक्कं घेऊन शेडमध्येच कापून नेतो. यामुळं एखादा दिवस जास्त लागतो आणि वाहतुकीत जपावं लागतं. काही गिऱ्हाइकं त्यावर कुरकुर करून दुसरीकडं जातात. जाऊ देत. वीस वर्षांच्या पोराच्या छातीपेक्षा कुणाच्या गृहप्रवेशाची तारीख मोठी नाही.

शेडमध्ये कापण्याचा एक फायदा दगडालाही झाला. शेगडीच्या कटआऊटचे आतले कोपरे आता आम्ही काटकोनात न ठेवता गोल ठेवतो. काटकोनातून तडा सुरू होतो, गोलाईत ताण विखुरतो. पूर्वी घरी घाईत हे नीट जमायचं नाही.

आता गुजरातेतल्या मोरबीकडून सिरॅमिकचे मोठे पाट यायला लागले आहेत. ते उष्णता सोसतात, लिंबू-हळदीला दाद देत नाहीत, पांढऱ्या रंगातही मिळतात. कडा मात्र ठिसूळ, पातेलं आपटलं की टवका उडतो, आणि कापायला पाण्यावर चालणारं मोठं यंत्र लागतं. आमच्या हातकटरनं तो नीट कापला जात नाही, म्हणून सध्या ती कामं आम्ही घेत नाही आणि विचारणाऱ्याला तसं स्पष्ट सांगतो. यंत्रासाठी बँकेत अर्ज केला आहे. कर्ज मंजूर झालं की भाऊ आधी मोरबीला जाऊन कापण्याचं काम शिकून येणार आहे, आणि पहिला पाट आमच्याच घरच्या ओट्याला बसवणार आहोत. वर्षभर त्यावर भाकऱ्या होऊ देत, मग गिऱ्हाइकाला दाखवू.