दोनशे दिवस

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डुकरांच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी डोक्यावरून अंघोळ करावी लागते. बाहेरचे कपडे बाहेर, आतले आत. परळला पशुवैद्यकी शिकताना माझ्या डोळ्यांसमोर गाई-म्हशीच होत्या. आज बाराशे माद्यांचा एक कळप माझ्या भरवशावर आहे. शेत एकाच घराचं, पणजोबांपासूनचं: मका, सोयाबीन आणि डुकरं.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी त्या घरातली नात मला विण्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. ती नुकतीच शिकून शेतीत परतली होती. डुकरिणीचे दिवस ११४. ही १०६व्याच दिवशी व्यायली होती. चटईवर अकरा पिल्लं. चार मेलेली, तीन काळपट, वाळून चामड्यासारखी झालेली. उरलेली चार थरथरत आचळाशी तोंड नेत होती, पण ओढायला अंगात जोर नव्हता. नातीने त्यातलं एक उचलून जॅकेटच्या आत धरलं. शेजारच्या पाच माद्यांनी खाणं टाकलं होतं.

आदल्या दिवशी आयोवातल्याच एम्स शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांचा निकाल अकराला आला. पीआरआरएस, डुकरांत गर्भपात आणि श्वासाचे आजार घडवणारा विषाणू. त्यावर औषध नाही. कळप बंद करायचा, दोनशेहून अधिक दिवस नवी मादी आत आणायची नाही, सगळ्यांच्या अंगात प्रतिकार तयार होईपर्यंत थांबायचं. म्हणजे मे उजाडेपर्यंत. नातीसाठी बांधायचं ठरलेलं नवं शेडही तोवर कागदावरच.

हे मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सांगितलं. तिचे वडील हिशेब मांडत राहिले. आजोबा उठले आणि कपाटातून जुनी वही घेऊन आले. डिसेंबर १९९८चं पान उघडलं. शंभर पौंड, म्हणजे साधारण पंचेचाळीस किलो वजनाच्या डुकरामागे भाव दहा डॉलरच्याही खाली गेला होता, खर्च चाळीसच्या आसपास. त्या हिवाळ्यात कितीतरी घरांनी डुकरं कायमची सोडली.

“तुम्ही का नाही सोडली?” मी विचारलं.

“मका घरचा होता, डॉक्टर. विकायला गेलो असतो तरी त्यालाही कुठे भाव होता?”

एक डुक्कर विक्रीला येईपर्यंत साधारण दहा बुशेल, म्हणजे अडीचशे किलो मका खातं आणि त्याचं शेणखत त्याच रानात जातं. या घराची वाढ या फेऱ्यावर झाली, असं माझं ठाम मत आहे. नुसती डुकरं असती तर त्या हिवाळ्यातच ती वही बंद झाली असती.

नातीने फोन लावला आणि शुक्रवारी येणारा नव्या माद्यांचा ट्रक थांबवला. आवाज स्थिर होता, डोळे भरलेले.

विषाणू सोबत जाऊ नये म्हणून मला त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच कळपात पाऊल टाकायचं नव्हतं. आजोबा म्हणाले, चला. हार्वेस्टरमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. गेल्या शरदात शेडखालच्या खड्ड्यातली स्लरी, म्हणजे डुकरांचं पातळ मलमूत्र, जिथे जमिनीत सोडली होती, त्या पट्ट्यात यंत्र शिरलं. पडद्यावर एकरी उताऱ्याचा आकडा चढत गेला. आजोबांनी त्यावर बोट ठेवलं आणि यंत्राचा वेग थोडा कमी केला.